मी आठ टक्के जास्त बोललो

मी एक चेंबर बोलतोय. नाव ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे एखादं मोठं दालन उभं राहिलं असेल, तर ते आधी पुसून टाका. मी करंगळीच्या शेवटच्या पेराएवढा आहे. काळ्या ग्राफाइटची एक पोकळ टोपी, तिच्या मधोमध बारीकशी तार आणि आत चिमूटभर हवा, एवढाच माझा संसार. सुभद्राताईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "हे तर शिंप्याचं अंगुस्तान दिसते." मला फार राग आला होता. मी समुद्र ओलांडून, मखमलीवर झोपून, सोबत प्रमाणपत्र घेऊन आलेला. आता वाटतं, अंगुस्तान असतो तर बरं झालं असतं. कुणाचं तरी बोट वाचवलं असतं आणि गप्प बसलो असतो.

माझं काम सांगतो. कर्करोगावर जे किरण देतात ते डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. ते माझ्यातून गेले की माझ्यातली हवा विजेनं भारली जाते आणि तारेनं जोडलेल्या डब्यावरचा काटा सरकतो. किरण जास्त, तर काटा पुढे. किरण कमी, तर काटा मागे. मला दुसरं काहीही येत नाही. मी फक्त आकड्यांत बोलतो आणि तेही कुणी विचारलं तर.

१९६८ सालच्या मे महिन्यात मी नागपूरला उतरलो. स्टेशनवर मला घ्यायला रामाजी गजभिये स्वतः आले होते. हमालाच्या डोक्यावर त्यांनी मला दिलं नाही. सायकल रिक्षात बसून त्यांनी माझी पेटी मांडीवर घेतली आणि उन्हाची झळ लागू नये म्हणून तिच्यावर ओला नाही, कोरडा पंचा धरला. रिक्षावाला म्हणाला, "साहेब, डोक्यावर धरा ना पंचा, ऊन लागन." साहेब म्हणाले, "मले लागलं तर चालते." पहिल्याच दिवशी माणूस मला आवडला.

गजभिये साहेब घरातले पहिले शिकलेले. वडील गिरणीत, आई भीमाबाई खाप्याच्या माहेराहून आलेली, बिड्या वळणारी. छप्पन साली दीक्षाभूमीवर पांढऱ्या कपड्यांत उभे होते तेव्हा ते कॉलेजात होते. पुढे पदार्थविज्ञानात एम. एस्सी. झाले, मुंबईला वर्षभर किरणांचं शिक्षण घेतलं आणि दवाखान्यात फिजिसिस्ट म्हणून लागले. हा शब्द दवाखान्यात कुणालाच नीट म्हणता येत नसे. कुणी त्यांना विजेचे साहेब म्हणे, कुणी मशीनवाले साहेब. वॉर्डातला पंखा बंद पडला की त्यांनाच हाक. एकदा एका पेशंटचा भाऊ रेडिओ घेऊन आला होता. साहेबांनी तोही दुरुस्त करून दिला आणि मग पाच मिनिटं आपण मेकॅनिक कसे नाही ते समजावलं. त्या माणसानं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी टॉर्च आणली.

खरं काम असं होतं. तळघरात, दोन हात जाड भिंतींच्या खोलीत कोबाल्टचं मशीन होतं. पेशंटला किती किरण द्यायचे ते डॉक्टर ठरवत. तेवढे देण्यासाठी मशीन किती मिनिटं, किती सेकंद उघडं ठेवायचं, ते साहेब ठरवत. आणि साहेबांना ते मी सांगत असे. वेळ जास्त झाला तर चांगलं मांस जळतं. कमी झाला तर रोगाचं मूळ राहून जातं. कोबाल्ट स्वतः दर महिन्याला शंभरातला एक भाग दुबळा होतो, म्हणून साहेब दर महिन्याला वेळेचा तक्ता नवा लिहीत आणि मशीनच्या बटणांशेजारी टांगत. दर तीन महिन्यांनी मात्र कागदावर विसंबायचं नाही, मला बाहेर काढून प्रत्यक्ष मोजायचं. त्या शनिवारी दुपारी शेवटचा पेशंट गेला की साहेब हात धुवायचे, थर्मामीटर आणि हवेचा दाब बघायचे आणि मग माझी पेटी उघडायचे.

"बोल बाबा, आज काय म्हणतं?" असं विचारून सुरुवात. एकटे असले की ते माझ्याशी असं बोलत. मोजण्याआधी एक रीत होती. मला विजेनं भारायचं आणि मशीन बंद ठेवून पाच मिनिटं नुसतं बघत बसायचं. काटा जागचा हलला नाही तर मी धड आहे. हलला तर माझ्यात कुठून तरी वीज गळतेय, म्हणजे मी किरण नसतानाही किरण आहेत असं बोलणार. ही पाच मिनिटं साहेब खुर्चीत स्वस्थ बसून काढत. कितीही घाई असो.

माझा वैरी एकच, ओल. म्हणून माझ्या पेटीत एका कापडी पुरचुंडीत निळे दाणे असायचे. हवेतली ओल ते पिऊन घेत आणि प्यायले की गुलाबी होत. गुलाबी झाले की त्यांना तव्यावर भाजायचं, मग पुन्हा निळे. दवाखान्यात शेगडी नव्हती. ही कामगिरी साहेबांच्या पत्नीकडे, सुभद्राताईंकडे होती. पावसाळ्यात दर आठवड्याला पुरचुंडी घरी जाई. त्यासाठी त्यांनी एक वेगळा तवा खिळ्याला टांगला होता, त्यावर पोळी कधी टाकली नाही.

"तुमचा हा निळा साबुदाणा मी भाजू, आणि नाव तुमच्या सरकारचं," पुरचुंडी परत आणून देताना त्या म्हणत.

"तू भाजते म्हणून तर तो खरं बोलते," साहेब माझ्याकडे बोट दाखवत.

सहा वर्षं मी खरंच बोललो. याचा मला गर्व होता, आणि तो असायला हरकत नव्हती.

चौऱ्याहत्तर सालच्या जुलैत सुभद्राताई बाळंतपणाला भंडाऱ्याला माहेरी गेल्या. साहेब खानावळीत जेवू लागले. पुरचुंडी पेटीतच राहिली. दाणे आधी जांभळे झाले, मग फिके, मग गुलाबी. मी बघत होतो. मला सांगता येत नव्हतं.

त्यातच मशीन अडलं. कोबाल्टची कुपी ज्या खणात पुढे-मागे सरकते तो खण अडकायला लागला. मुंबईहून कारागीर येईपर्यंत चार दिवस गेले. चार दिवस पेशंट बाहेर व्हरांड्यात वर्तमानपत्रं अंथरून बसलेले. कुणी गोंदियाचं, कुणी बैतूलकडचं. उपचार मध्येच खंडला की रोगाला उसंत मिळते, हे साहेबांना माहीत होतं. कारागिरानं खण ठीक केला आणि म्हणाला, "आता कुपी बरोबर मध्यावर येते. आधी थोडी मागेच राहत असावी."

मशीन उघडलं होतं म्हणजे मोजणं भाग होतं. ऑगस्टचा पहिला आठवडा, भिंतींना हात लावला तर ओलसर लागे. साहेबांनी मला घाईनं काढलं. बाहेरून कुणीतरी तिसऱ्यांदा विचारलं, "साहेब, आज होते का जी? गाडी निघून जाईल." साहेबांनी दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. आणि ती पाच मिनिटं थांबायचं राहिलं.

मी बोललो. कागदावरच्या हिशेबापेक्षा आठ टक्के जास्त बोललो.

साहेब थबकले, हे सांगायला हवं. पाच वेळा मोजलं. मी पाचही वेळा तेच सांगितलं. खोटं बोलणारे अडखळतात म्हणे. मी अडखळलो नाही. मग त्यांना कारागिराचं वाक्य आठवलं. कुपी आता मध्यावर येते, म्हणजे किरण वाढलेच असणार. सगळं कसं जुळलं. "अंदाजापेक्षा मोजलेलं खरं," असं ते स्वतःशी म्हणाले आणि त्यांनी वेळेचा नवा तक्ता लिहिला. जिथे दोन मिनिटं पन्नास सेकंद होते तिथे दोन मिनिटं सदतीस झाले.

त्याच दिवशी रंभाबाईंच्या उपचाराचा पहिला दिवस होता. सावनेरच्या पलीकडल्या, पन्नाशीच्या, कापूस वेचणाऱ्या. तंबाखू-चुन्यानं गालात आतून जखम झालेली. नवरा नत्थूजी कोळशाच्या खाणीत. मशीनच्या खोलीत जायच्या आधी त्या साहेबांना म्हणाल्या, "साहेब, हे दुखते काय?"

"नाही बाई. काहीच कळत नाही."

"कळत नाही त्याचंच भेव वाटते."

साहेब हसले. गाव विचारलं, माहेर विचारलं. माहेर खापा निघालं. "माही मायही खाप्याचीच," साहेब म्हणाले. रंभाबाईंनी त्यांना वरून खालून पाहिलं. "मंग तू भाऊच झाला माह्या. साहेब कायले म्हणू?"

तिथून पुढे सहा आठवडे त्या रोज "भाऊ कुठी गेला?" असं विचारत यायच्या. लोकांच्या ओळखी कशा होतात हे मला कधी कळलं नाही. एक गाव पुरतं, एखादा ओढा पुरतो. शेवटच्या दिवशी त्यांनी फडक्यात बांधून तीळ आणले होते. गाल आतून भरून आला होता. डॉक्टर खूश, साहेब खूश. मीही खूश होतो, मूर्खासारखा.

सप्टेंबरात सुभद्राताई मुलगी घेऊन परत आल्या. नोव्हेंबरचा पहिला शनिवार उजाडला. हवा कोरडी ठणठणीत. साहेबांनी मला भारलं, पाच मिनिटं बसले. काटा हलला नाही. मग मोजलं. मी जे खरं होतं ते बोललो. कागदावर असायला हवा त्यापेक्षा आकडा सात-आठ टक्के खाली.

आधी त्यांना वाटलं मशीन बिघडलं. खण तपासला, सगळं जागच्या जागी. संध्याकाळ झाली तरी घरी आले नाहीत म्हणून सुभद्राताई डबा घेऊन आल्या, मुलगी खांद्यावर. त्यांना उघडी पेटी दिसली. सहज म्हणाल्या, "आता निळे दिसते ना? मी माहेराहून आली तेव्हा पहा लागत होते, पार गुलाबी झाले होते. दोनदा भाजा लागले."

साहेब खुर्चीत बसले. मग म्हणाले, "ऑगस्टात मी थांबलो नाही."

"कायले थांबले नाही?"

साहेबांनी नोंदवही पुढे ओढली. सुभद्राताईंनी डबा टेबलावर ठेवला आणि मुलीला थोपटत तशाच उभ्या राहिल्या. त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं, काहीतरी फार वाईट झालं एवढं कळलं होतं.

ज्यांचे उपचार चालू होते त्यांची वेळ सोमवारीच वाढवली. पण तीन महिन्यांत एकेचाळीस जण उपचार पुरे करून घरी गेले होते. त्यांना जिथे शंभर मिळायला हवं होतं तिथे ब्याण्णव-त्र्याण्णव मिळालं होतं. घरी गेलेल्याला महिन्या-दोन महिन्यांनी बोलावून राहिलेलं देता येत नाही. मधल्या खंडामुळे हिशेबच बदलतो. साहेब मोठ्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर वाईट नव्हते. म्हणाले, "गजभिये, एवढा फरक तर पेशंट टेबलावर हलला तरी पडतो. पूर्ण डोस घेतलेलेही दगावतात. तुम्ही सापडवलंत, सुधारलंत. आता लोकांना घाबरवून काय साधणार?" साहेबांनी परत येऊन नोंदवहीत तांबड्या शाईनं पानभर सगळं लिहिलं. खाली सही केली.

पुढच्या रविवारी ते एस.टी.नं सावनेरला गेले. सोमवारी मला पुसताना सांगत होते, "गाल साफ आहे बाईचा. भाकर चावून दाखवली मले. सांगणार होतो रे. पण ती इतकी आनंदात होती. राहूनच गेलं."

मला वाटलं, सुटलो. दोघंही सुटलो.

फेब्रुवारीत रंभाबाई आल्या. गाल पुन्हा सुजलेला, तोंडाला पदर लावलेला. डॉक्टरांनी तपासलं. त्याच जागी पुन्हा किरण देता येत नव्हते, शस्त्रक्रियेची वेळ गेली होती. साहेबांनी त्यांना आपल्या खोलीत आणून स्टुलावर बसवलं. मी टेबलावर होतो. साहेब उभेच राहिले.

"बाई, माह्याकडून चूक झाली. तुमाले जेवढे किरण द्यायचे होते तेवढे मिळाले नाही. मोजण्यात कमी पडलं."

रंभाबाईंनी पदर थोडा बाजूला केला. बोलताना त्यांना त्रास होत होता. "त्याच्यानंच हे पलटलं काय?"

"नाही सांगता येत. कदाचित तसंही पलटलं असतं. कदाचित त्याच्यानंच."

मला वाटलं आता शिव्या देतील, रडतील. द्यायलाच हव्या होत्या. मग त्या हळूहळू, थांबत थांबत बोलल्या. "चाळीस वर्सं कापूस वेचला मी. रोज संध्याकाळी मालकाच्या तागडीत टाकला. रोज कमीच भरला. माह्या मायचाही भरला. कमी मोजलं, असं तोंडावर सांगणारा तू पयलाच भेटला गा."

साहेबांना तोंड फिरवायला जागा नव्हती. खोली लहान.

"आमच्या घरच्याले नको सांगू," त्या म्हणाल्या. "त्याले वाटते, नशीब होतं. नशिबावर माणूस रागावते अन् इसरते. तुह्या नावानं तो जलमभर जळत राहील. अन् तूही."

साहेबांनी मान हलवली. रंभाबाई भिंतीला धरून उठल्या आणि गेल्या. मे महिन्यात त्या वारल्या.

तेरवी आटोपून नत्थूजी आले. दवाखान्याचं कार्ड परत करायचं असतं असं कुणी त्यांना सांगितलं होतं, म्हणून तेवढ्यासाठी आले. खाणीत काम करणाऱ्याचे हात, त्या हातांनी त्यांनी साहेबांचा हात धरला. "तिनं सांगतलं होतं, मशीनवाल्या भावाले भेटून येजो. तुमी लय केलं साहेब तिच्यासाठी." साहेबांनी खरं सांगितलं नाही. दिलेला शब्द होता. नत्थूजी त्यांचीच समजूत घालून गेले. त्या दिवशी मला रडावंसं वाटलं. पण माझ्यासारख्यानं रडायचं म्हणजे पुन्हा खोटं बोलायचं.

त्यानंतर साहेब बदलले. पाच मिनिटांच्या जागी पंधरा मिनिटं बसू लागले. मोजलेलं दहादा मोजत. पेटी मिटताना दर वेळी मला म्हणत, "चुकलो रे बाबा." वॉर्डातले पंखे दुरुस्त करणं थांबलं. आणि दर दिवाळीत ते उरलेल्या चाळीस जणांना जोडकार्डं लिहीत, उत्तराचा अर्धा भाग कोरा ठेवून. तब्येत कशी आहे, जेवण जाते का, वजन किती. सुरुवातीला बरीच उत्तरं येत. मग काही कार्डं दुसऱ्याच अक्षरात यायला लागली, "वडील मागच्या पौषात गेले" असं लिहिलेली. काहींवर पोस्टमनचा शेरा, पत्ता सापडत नाही.

पाच वर्षांनी त्यांनी हिशेब मांडला. चुकीच्या आधीच्या वर्षी त्याच रोगांचे, त्याच अवस्थेतले एकेचाळीस जण त्यांनी वहीतून निवडले. त्यांचीही खबर काढली, तर सतरा जण पाच वर्षं जगले होते. माझ्या एकेचाळिसांतले चौदा.

तिघांचा फरक. साहेबांचं गणित पक्कं. इतक्या थोड्या माणसांवरून काहीच सिद्ध होत नाही, तीन तर नुसत्या योगायोगानंही कमी होतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत. गणितानं त्यांना सोडून दिलं होतं. ते स्वतः सुटायला तयार नव्हते. गेल्या वर्षी जया नावाची नवी फिजिसिस्ट आली, हुशार मुलगी. तिनं जुनी वही चाळताना तांबडं पान पाहिलं आणि विचारलं. साहेबांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सर, तीन म्हणजे काहीच नाही. आणि कोणते तीन, हे कुठे कळतं?"

"हो ना," साहेब म्हणाले. "कोणते ते कळलं असतं तर तिघांच्याच घरी गेलो असतो."

आता पंच्याऐंशी साल आहे. नवं यंत्र आलंय, आकडे दिव्यांत दाखवणारं. मला बाद करायचा कागद भरायचा होता. त्यात 'कारण' असा एक रकाना असतो. साहेबांनी त्यात लिहिलं : यंत्रात दोष नव्हता. वापरणाऱ्याने थांबायला हवे होते.

स्टोअरचे गोविंदाबाबू कागद घेऊन परत आले. "साहेब, असं लिहिलं तर यंत्र बाद होत नाही, तुमची चौकशी लागते."

"लागू द्या. अकरा वर्षं वाट पाहून राहिलो."

गोविंदाबाबूंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं, दुसरा कोरा कागद काढला, कारणापुढे स्वतःच 'नादुरुस्त' लिहिलं आणि सहीसाठी पुढे केला. साहेब बराच वेळ पेन धरून बसले. मग सही केली. जाताना माझी पेटी त्यांनी हातानं पुसली आणि म्हणाले, "चुकलो रे बाबा. तुलेही बोल लागला."

उद्या मला लकडगंजच्या एका भंगारवाल्याकडे पाठवणार आहेत. जाण्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. दवाखान्यात गेलात आणि तळघराच्या दाराशी पांढऱ्या शर्टातला, पिकल्या केसांचा एक माणूस दिसला, तर त्यांना माझा निरोप द्या. ओल मला लागली होती. काटा मी सरकवला होता. पाचही वेळा न अडखळता मीच बोललो होतो. अकरा वर्षं ते माझ्यापाशी माफी मागत आले आणि मी एकदाही त्यांना अडवू शकलो नाही. मला फक्त आकड्यांत बोलता येतं, आणि 'साहेब, चूक माझी होती' याला आकडा नाही.